सिंदखेडचे जाधवराव आणि त्यांची गढी



गेल्या हंगामाचा पट्टा पडला आणि आम्ही पाचसहा सभासद एका लग्नासाठी मेहकरला गेलो होतो. परतताना जालन्याच्या रस्त्यावर सिंदखेडराजा लागते. जिजाऊंचे माहेर वाटेवर असताना तसेच पुढे जाणे बरे दिसेना, म्हणून गाडी थांबवली. दोनतीन तास फिरलो. राजवाडा पाहिला, रंगमहाल पाहिला, काळ्या कोटाच्या भिंती पाहिल्या, लखुजीरावांच्या समाधीपुढे डोके टेकवले. गाडीत बसताना आमच्यातला एक तरुण सभासद म्हणाला, "एवढ्या मोठ्या घराण्याचं एवढंच राहिलं व्हय?"

त्या वेळी कोणी काही बोलले नाही. पुढे मोती तलावापाशी पुन्हा थांबलो. तलावाची ती दगडी भिंत पाहून आमच्यातले एक वडीलधारे सभासद म्हणाले, "वाडा पडला तर राजा दुसरीकडं ऱ्हाईल. तळं फुटलं तर गावच उठंल. त्यांनी मुद्द्याचं ठेवलंय की मागं."

या दोन वाक्यांवर घरी येईपर्यंत बोलणे चालले. एवढे मोठे घराणे होते तर त्याची वास्तू पडली कशी, आणि जे टिकले ते कशामुळे टिकले? आपल्या कार्यक्षेत्रातल्याही कितीतरी गावांत अशी एखादी पडकी गढी आहे. म्हणून हा विषय सर्व सभासदांपुढे मांडावा असे वाटले.

गढी म्हणजे काय?

डोंगरावर असतो तो गिरिदुर्ग. सपाट जमिनीवर, खंदक-तटबंदी घालून राजसत्तेने बांधलेला तो भुईकोट. आणि देशमुख, देशपांडे, पाटील, जहागीरदार अशा वतनदार घराण्याने आपले राहणे, कचेरी, धान्य आणि माणसे सांभाळायला बांधलेला बंदोबस्ताचा वाडा म्हणजे गढी. काही घराणी पुढे एवढी वाढली की त्यांची गढी भुईकोटाच्या तोडीची झाली. सिंदखेडच्या जाधवरावांचे तसेच झाले.

जुन्या लोकांच्या बोलण्यात 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द येतात. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. गढी नेहमी पांढरीत, त्यातही उंचवट्याच्या जागी. यात शहाणपण होते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली जड भिंत आज ना उद्या तडकणारच. पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने तयार झालेली असते. तिच्यात राख असते, चुनखडी असते. ती फुगत नाही आणि ठोकून बसवली की पाणी सहसा आत घेत नाही. म्हणून भिंतीलाही तीच आणि धाब्यालाही तीच.

गढीची सर्वसाधारण रचना अशी असे. खाली घडीव काळ्या दगडाचे जोते आणि दगडी भिंत, वर भाजलेल्या विटा किंवा पांढऱ्या मातीचे बांधकाम. कोपऱ्यांना बुरूज. एकच मोठा दरवाजा, त्याला आतून आडवा अडसर. मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी दरवाजा, त्यातून एका वेळी एकच माणूस वाकून आत येणार. दरवाजाच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. आत चौक, सोपे, कचेरीची जागा, देवघर, माजघर. धान्यासाठी बळदे आणि पेवे. आणि पाण्यासाठी आड किंवा बारव.

बारकाईने पाहिले तर कळते की बुरूज आणि दरवाजा हे गढीचे हातपाय. तिचे पोट म्हणजे धान्य आणि पाणी. शत्रूने वेढा घातला की बाहेरून काही येत नाही. आत जेवढे साठवले आहे तेवढ्यावर दिवस काढायचे. दारूगोळा संपण्याआधी पाणी संपले तर बुरूज कितीही उंच असोत, दरवाजा उघडावाच लागतो.

जाधवराव घराणे

सिंदखेडराजा आज बुलढाणा जिल्ह्यात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या शिवेवर आहे. इथले जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत. यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला गेले. त्यानंतर दक्षिणेत बहमनी आली आणि तिचे तुकडे होऊन निजामशाही, आदिलशाही अशा शाह्या झाल्या. या शाह्यांना फौज लागे, आणि फौज उभी करणारी ताकद गावोगावच्या मराठा घराण्यांत होती. ज्याच्या पदरी घोडा आणि माणूस, त्याला जहागीर आणि देशमुखी. अशा घराण्यांत लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले फार मोठे नाव झाले.

त्यांची कन्या जिजाबाई. जन्म सिंदखेडच्या राजवाड्यात, परंपरेने १२ जानेवारी १५९८ या दिवशी मानला जातो. दरवर्षी या दिवशी तिथे किती मोठा समुदाय लोटतो हे अनेक सभासदांनी स्वतः पाहिलेले आहे. वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांचे पुत्र शहाजी आणि जिजाबाई यांच्या सोयरिकीची रंगपंचमीच्या दिवशी घडलेली कथा बखरींनी सांगितली आहे आणि गावातले लोक ती रंगमहालाशी जोडतात. कथेतले बारकावे कसेही असोत, जाधव आणि भोसले ही दोन घराणी जोडली गेली आणि त्यातून पुढचा सगळा इतिहास घडला.

पण सोयरीक झाली म्हणून वैर टळले नाही. एकदा निजामशाही दरबार सुटल्यावर खंडागळे यांचा हत्ती बिथरला. त्याला आवरताना जाधव आणि भोसले यांच्यात हातघाई झाली. लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी मारले गेले आणि भोसल्यांकडचे, शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी मारले गेले. एका हत्तीच्या पायी दोन घरांत दोन तरुण पोरे गेली. मधे उभी राहिली ती जिजाबाई. एक घर माहेरचे, एक सासरचे.

पुढे लखुजीराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. ते वर्ष १६२१ चे सांगतात. ग्रँट डफ या इतिहासकाराने नोंद केली आहे की मोगलांनी त्यांना चोवीस हजारांची मनसब आणि पंधरा हजार घोडा दिला. हा आकडा सिंदखेडच्या चौथऱ्यांवरून फिरताना ध्यानात ठेवावा. एवढ्या फौजेचा कारभार ज्याच्या हातात, त्याचे घर हे नुसते घर राहत नाही. १६२४ मध्ये भातवडीची लढाई झाली तेव्हा मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढत होते आणि सासरे समोरच्या मोगल फौजेत होते. त्या काळी एकेका घराण्यावर असे प्रसंग येत.

२५ जुलै १६२९

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. निजामशाहीचा आधार गेला. पुढे लखुजीराव पुन्हा निजामशाहीत आले. शहा होता मुर्तझा निजामशहा. त्याच्या मनात लखुजीरावांविषयी संशय होता. ज्याने एकदा बाजू बदलली तो पुन्हा बदलेल, आणि त्याच्यामागे एवढी फौज आहे, ही भीती.

२५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात लखुजीराव शहाच्या भेटीला गेले. बरोबर पुत्र अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव. यशवंतराव हे हत्तीच्या प्रसंगात मारल्या गेलेल्या दत्ताजींचे पुत्र. भेटीच्या ठिकाणी शहाच्या माणसांनी त्यांच्यावर घाला घातला. बाप, दोन मुलगे आणि नातू, चौघेही तिथेच मारले गेले. ज्या देवगिरीच्या राजकुळाशी हे घराणे आपले नाते सांगे, त्याच देवगिरीवर हे घडले.

सिंदखेडला खबर गेली तेव्हा राजवाड्यात काय झाले असेल याची कल्पना आपणच करावी. एकाच दिवशी घरातल्या तीन पिढ्या गेल्या. पण याचा परिणाम सिंदखेडपुरता राहिला नाही. शहाजीराजांनी निजामशाही सोडली. लखुजीरावांचे बंधू जगदेवराव आणि मागे राहिलेली मंडळी मोगलांकडे गेली. आणि या घटनेला सात महिने होण्याच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे वडील, दोन भाऊ आणि भाचा मारले गेल्याची बातमी जिजाऊंनी पोटात बाळ असताना ऐकली. परक्याच्या चाकरीत कितीही मोठी जहागीर मिळाली तरी शहाच्या मनात आले की एका दिवसात घर बुडते, हा धडा त्यांना कोणी पुस्तकातून शिकवावा लागला नाही.

त्यानंतरची गढी

लखुजीराव गेले म्हणून सिंदखेड लगेच ओस पडले नाही. घराण्याच्या शाखा पसरल्या. जवळच्या देऊळगावराजाला एक शाखा नांदली. तिथले बालाजीचे देवस्थान जाधवांच्या आश्रयाने वाढले. मराठेशाहीचे सेनापती धनाजी जाधव हे याच घराण्यातले.

सिंदखेडची वास्तू अठराव्या शतकातही लढाऊ होती. १७५७ च्या डिसेंबरात पेशव्यांचे पुत्र विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे यांच्या फौजा इथे आल्या. निजामाचे सरदार रामचंद्र जाधव सिंदखेडात कोंडले गेले. त्यांना सोडवायला निजामअली स्वतः आला आणि सिंदखेडभोवती लढाया झाल्या. शेवटी जवळच साखरखेर्ड्याला तह झाला. पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला मराठ्यांना द्यायचे निजामाने कबूल केले. (साखरखेर्डा हे नाव वाचून आपल्या सभासदांचे कान टवकारतील, पण तिथे तेव्हा साखरेचा कारखाना नव्हता बरं का!) सांगायचा मुद्दा असा की लखुजीरावांनंतर सव्वाशे वर्षांनीही या जागेत शिरून लढावे एवढा तिचा भरवसा होता.

घसरण झाली ती नंतर. पुढच्या शतकात वऱ्हाड निजामाच्या अमलात होता. १८५१ मध्ये बाजीराव जाधवांच्या पदरच्या अरब शिबंदीची निजामाच्या फौजेशी लढाई झाली. त्याचा ठपका ठेवून जाधवांची वडिलोपार्जित मालमत्ता जप्त झाली. बाजीराव १८५६ मध्ये दौलताबादला कैदेत वारले. पुन्हा दौलताबादच! त्याआधी १८५३ मध्येच वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला होता. नव्या अमलात शिबंदी ठेवायचे कारण उरले नाही आणि परवानगीही उरली नाही. वतन गेले, उत्पन्न गेले, माणसे पांगली. गढीची डागडुजी करणारे कोणी राहिले नाही.

आज तिथे काय पाहावे?

राजवाड्याचा भव्य दरवाजा अजून उभा आहे. आत गेल्यावर जोती, चौथरे आणि भिंतींचे अवशेष दिसतात. जिजाऊंचे जन्मस्थान जतन केलेले आहे. हा वाडा राज्य शासनाचे संरक्षित स्मारक आहे. दरवाजातून आत जाताना खालचा दगड आणि वरच्या विटा यांत फरक दिसतो तो पाहावा. दगड जसाच्या तसा आहे, झीज झाली आहे ती वरच्या अंगाला.

काळा कोट नावाप्रमाणे काळ्या दगडाचा. भिंती एवढ्या जाड की त्यांच्याकडे पाहिल्यावर हा राहण्याचा वाडा नसून लढण्याची जागा होती हे सांगावे लागत नाही. साकरवाडा ही दुसरी तटबंदीची वास्तू. नीळकंठेश्वर आणि रामेश्वर ही मंदिरे जाधवांच्याही आधीपासूनची. तीही पाहावीत, म्हणजे हे गाव या घराण्यापेक्षा जुने आहे हे ध्यानात येते.

लखुजीरावांची समाधी गावाच्या कडेला आहे. समाधी म्हणताच आपण लहानसे वृंदावन डोळ्यांपुढे आणतो. ही तशी नाही. मंदिरासारखी मोठी, भक्कम इमारत आहे. अशी समाधी बांधणाऱ्यांनी दौलताबादचा दिवस विसरायचा नाही असे ठरवलेले असावे.

या समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे जतनाचे काम चालू होते. राडारोडा काढताना काही घडीव दगड ओळीत दिसले. खणत गेल्यावर एका प्राचीन मंदिराचा पाया उघडा पडला. आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटर खोल, शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. लांबी सुमारे एक मीटर सत्तर सेंटिमीटर, उंची सुमारे एक मीटर. विष्णू शेषावर पहुडलेले, पायाशी लक्ष्मी. रोज ज्या जागेवरून लोक चालत होते तिच्याखाली एवढे होते! जाणत्या माणसांनी पद्धतशीर खणले म्हणून ती मूर्ती धड वर आली. जेसीबीच्या दातात सापडली असती तर आज तिचे तुकडे पाहावे लागले असते.

आणि पाणी

आता मोती तलावाकडे येऊ. हा जाधवरावांच्या काळातला तलाव. त्याची भिंत समोरून पाहिली तर एखाद्या किल्ल्याचा दर्शनी भाग वाटतो. चांदणी तलावाच्या मधोमध इमारत आहे. पुतळा बारवेच्या भिंतींवर मूर्ती कोरलेल्या आहेत. सजना बारव ही आणखी एक.

ही सगळी हौस होती का? हौस होतीच, पण नुसती नाही. हा भाग बेभरवशाच्या पावसाचा. घोडदळ पदरी ठेवायचे तर घोड्याला पाणी हवे, वैरण हवी. बाजारपेठ वसवायची तर लोकांना पाणी हवे. देशमुखाचे उत्पन्न रयतेच्या पिकावर, आणि पीक पाण्यावर. तलावात पाणी अडले की ते जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाझर राहतो. हे गणित आपल्या सभासदांना वेगळे शिकवायला नको. उसाला पाळी द्यायची वेळ आली आणि विहिरीने तळ दाखवला की काय होते ते आपण जाणतो.

तरुण सभासदाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. राजवाड्याचा उपयोग घराणे होते तोवर होता. घराणे गेल्यावर त्याची काळजी घ्यायचे कारण कोणाला उरले नाही. तलावाचा आणि बारवांचा उपयोग गावाला होता. जे गावाच्या कामाचे होते त्याला गावाने सांभाळले, आणि जे एका घराचे होते ते घराबरोबर गेले.

भिंत पडते कशी?

पुष्कळांना वाटते की जुन्या गढ्या तोफांनी पडल्या. काही पडल्याही असतील. पण बहुतेक गढ्या पडल्या त्या पावसाने आणि आपण.

गढीची भिंत वरून मरते. छप्पर किंवा धाबे शाबूत आहे तोवर भिंत शेकडो वर्षे उभी राहते. पूर्वी दर उन्हाळ्यात मृगाच्या आधी धाब्यावर नवी पांढरी माती टाकून चोपत, भिंतींना लिंपण करत, पन्हाळी साफ करत. हे एक वर्ष चुकले तर फारसे बिघडत नाही. पाच वर्षे चुकले की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरते. आतली भर ओली होते, भिंत पोट काढते. फटीत पिंपळाचे बी पडते, मुळी दगडांचे सांधे उकलते. मग एका मोठ्या पावसात दहा हात भिंत बसते.

जुन्या पक्क्या बांधकामात चुना असे. बैलाच्या घाणीत चुना आणि वाळू मळत, आणि त्यात हिरड्याचे, बेलफळाचे आणि गुळाचे पाणी घालायची पद्धत होती. म्हणजे आपल्या उसाने नुसती तोंडे गोड केलेली नाहीत, वाडेही जोडून धरले आहेत! हा चुना ओल सोसतो आणि सोडतोही. त्यावर घाईने सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आत कोंडते आणि दगड-विटा उलट लवकर झडतात. म्हणून जुन्या वास्तूची दुरुस्ती चुन्यानेच आणि जाणकाराच्या हातूनच व्हावी.

आपण कारखान्यात दरवर्षी पट्टा पडल्यावर मिल उघडतो, बॉयलरच्या नळ्या साफ करतो, घासलेले भाग बदलतो. एखादे साल ओव्हरहॉलिंग केले नाही तर पुढच्या हंगामात काय होईल? गढीचे नेमके तेच झाले. शत्रूला जे जमले नाही ते न केलेल्या डागडुजीने केले.

उरलेले आपण केले. ओसाड गढी म्हणजे फुकटची खाण. घडीव दगड घराच्या पायाला, विटा चुलीला, सागवानी तुळया गोठ्याला आणि पांढरी माती शेताला. पांढऱ्या मातीत खताचा अंश असतो म्हणून गाड्याच्या गाड्या रानात गेल्या. दुसऱ्याला कशाला बोलू? आमच्या स्वतःच्या गोठ्याचा उंबरा गढीचा आहे. आजोबांनी आणला होता. त्यावर अर्धे कमळ कोरलेले आहे. लहानपणी त्याच्यावर पाय देऊन मी म्हशीखाली बसायला जात असे. तो दगड कुठून आला हे विचारावे असे चाळीस वर्षे मला सुचले नाही. आता विचारावे तर सांगणारे कोणी राहिले नाही. मागच्या महिन्यात तो उंबरा काढून गढीच्या पडक्या दरवाजापाशी नेऊन ठेवला. त्याने गढी उभी राहत नाही हे मला समजते. पण अर्ध्या कमळाचा दुसरा अर्धा भाग तिथे चौकटीत अजून आहे, एवढे मात्र पाहायला मिळाले.

आपण काय करू शकतो?

सगळ्या गढ्या सरकार सांभाळू शकणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. पण काही गोष्टी पैशाविना होण्यासारख्या आहेत.

पहिली, आजपासून गढीचा एकही दगड आणि एकही टोपले माती उचलायची नाही. घर बांधायला दगड लागला तर तो खाणीतून आणावा.

दुसरी, भिंतीच्या माथ्यावरचे पिंपळ-वडाचे रोप लहान आहे तोवर कापावे. मोठे झाड ओढून काढू नये, भिंतच खाली येते.

तिसरी, नांगरताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना मूर्ती, नाणी, भांडी, कोरीव दगड असे काही सापडले तर काम थांबवून तलाठी-तहसीलदारांना कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कळवण्यात भिण्यासारखे काही नाही. १९७४ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ऊसपट्ट्यातल्याच दायमाबादला, एका कष्टकरी माणसाला झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा धातूच्या चार मूर्ती मिळाल्या. वजन मिळून साठ किलोहून अधिक. त्या मोडीत गेल्या असत्या तर काही हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांची ही करामत जगाला कळलीच नसती.

चौथी, घरातल्या पेटीत, माळ्यावर मोडी कागद असतील तर ते जाळू नयेत, रद्दीत देऊ नयेत. सनदा, महजर, वाटणीपत्रे यांतच गावाचा इतिहास असतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या १९१० पासून हेच काम करणाऱ्या संस्था आहेत. आपल्या भागातही मोडी वाचणारे जाणकार आहेत. त्यांना दाखवावेत.

पाचवी, आणि सर्वांत सोपी. गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांजवळ बसावे. गढीचा दरवाजा कुठे होता, बारवेला पाणी कुठवर असे, कोणता बुरूज कोणत्या पावसात बसला हे त्यांना ठाऊक असते. शाळेतल्या मुलांना वही देऊन पाठवावे. ती वही पुढे कोणत्याही पोथीइतकी मोलाची ठरेल.

आणि बारव किंवा जुने तळे असेल तर त्यातला गाळ काढावा. गाळ शेताला उत्तम, आणि पाणी सगळ्यांना. गढीची माती नेण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी तेच टोपले घेऊन इकडे वळावे. यात कोणाचेच नुकसान नाही.

सिंदखेडला आलात तर राजवाडा अवश्य पाहा. समाधीपुढे क्षणभर उभे राहा. आणि निघण्याआधी मोती तलावाच्या भिंतीपाशी जाऊन या. बरोबर मुले असतील तर ती भिंत कशी बांधली असेल आणि कोणासाठी, एवढे त्यांना विचारा. उत्तर त्यांचे त्यांना सापडू द्या.